पुरात अल्बम गेले, आता जुन्या दिवाळीचं चित्र कशावरून काढायचं?

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीच्या गावभागात प्रश्न विचारणाऱ्यांचा आजोबांच्या वेळचा वाडा आहे. यंदा भाऊबीजेला पुण्या-मुंबईचे धरून चाळीसेक जण तिथं जमणार आहेत. आमंत्रणासाठी आणि सोप्यात, म्हणजे ओसरीत, टांगायला म्हणून जुन्या कॅलेंडरच्या धाटणीचं एक चित्र हवं आहे. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, त्यात घरचे फोटोंचे अल्बम गेले, त्यामुळं संदर्भाला हाताशी काही नाही. यांनी संगणकावर स्वतःच एक नमुना केला: जुनाट कागदाचा पोत, सगळ्यावर तपकिरी छटा, कडेनं डाग. विचारतात, "सगळं करूनही जुनं वाटत नाही, खोटं वाटतं. कुठं चुकतंय?"

मी साताऱ्यात गेली एकतीस वर्षं चित्रं काढून पोट भरतो. पत्रिका, दिनदर्शिका, पेढ्यांच्या खोक्यांवरची चित्रं, मधली काही वर्षं दुकानांच्या पाट्याही रंगवल्या. 'जुन्या स्टाइलमध्ये करून द्या' ही मागणी हल्ली दर दिवाळीला येते, आणि गडबड जवळजवळ दर वेळी एकाच ठिकाणी असते. म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी तुमच्या नमुन्याबद्दल. डाव्या कोपऱ्यात तुम्ही पाण्याच्या डागाचा पोत टाकलाय. तो कुठून तरी फुकट मिळाला असणार, मीही असे पोत जमवून ठेवले होते. पण ज्या घरातले फोटो पाण्यात विरघळले, त्या घरातल्या आत्या-काकूंच्या हातात पाण्याचा डाग पडलेलं चित्र द्यायचं? त्यांनी तसले खरे डाग गच्चीवर वाळत घातलेले पाहिलेत. तो कोपरा आजच काढून टाका.

तपकिरी छटेचं म्हणाल तर ती मुळात फोटोची आहे. कृष्णधवल फोटोतल्या चांदीवर रासायनिक प्रक्रिया केली की तो तपकिरी व्हायचा आणि जास्त टिकायचा. छापलेल्या रंगीत चित्राशी तिचा काही संबंध नाही. कॅलेंडरवरची लक्ष्मी कधी तपकिरी नव्हती, ती चांगली गुलाबी, पिवळी, निळी, डोळ्यांत भरेल अशी होती. तुम्ही फोटोचं म्हातारपण छापील चित्राला लावलंत, म्हणून डोळ्याला खटकतंय.

कागद पिवळा पडतो हे खरं. लाकडाच्या लगद्यात लिग्निन असतं, त्याला उजेड आणि हवा लागली की रंग बदलतो. म्हणून पिवळेपणा कडांकडून आत सरकतो आणि गठ्ठ्यात मध्ये दाबलेलं पान बरंच पांढरं राहतं. सगळ्या चित्रावर सारखा चहा ओतल्यासारखा रंग कधीच नसतो. पण त्याच्याही आधी एक ठरवा. तुम्हाला आज ट्रंकेत सापडलेलं जुनं चित्र दाखवायचंय की त्या वर्षी छापखान्यातून नुकतं आलेलं? माझं मत विचाराल तर दुसरं. आत्यांच्या आठवणीत ती दिवाळी पिवळी पडलेली नाही.

आता मुद्द्यावर येतो. 'जुनं' म्हणजे कोणतं साल, हे ठरल्याशिवाय पेन्सिल उचलू नका. 'साधारण पूर्वीचं' असं साल नसतं. तुमच्या थोरल्या आत्या ऐंशीला आल्यात असं लिहिलंय. माणसाला दिवाळी लख्ख आठवते ती दहा-बारा वर्षांच्या वयाची. म्हणजे आपण १९५८ धरू. एवढं एक साल धरलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

बघा कसं. १९५८ मध्ये सांगली हा जिल्हाच नव्हता. १९४९ ला सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि तुमच्याकडचा तो 'दक्षिण सातारा'. सांगली जिल्हा हे नाव १९६० चं. तेव्हा आमंत्रणावर पत्ता लिहायचा तो 'सांगली, जि. दक्षिण सातारा' असा. ही एक ओळ वाचली की तुमचे काका चष्मा लावून पुढचं सगळं वाचतील, बघा. (आम्हा सातारकरांना ती लिहिताना जरा जास्तच बरं वाटतं, ते सोडा.) नवे पैसे एक वर्षापूर्वी, १९५७ च्या एप्रिलात आलेले. घरात हिशेब अजून आण्यातच चाललेला असणार. ओवाळणीच्या तबकात नाणं दाखवायचं तर रुपयाच दाखवा, कुणी चूक काढणार नाही. एस.टी. १९४८ पासून धावतेय, म्हणजे पाहुणे एस.टी.नं आलेले चालतील आणि स्टँडवरून टांग्यानं.

भांडी पितळेची, आतून कल्हई केलेली. स्टेनलेस स्टीलचा डबा दिसला की चित्र वीस वर्षं पुढं गेलंच म्हणून समजा. मी स्वतः ही चूक केलेली आहे. एका घरासाठी दिवाळीच्या स्वयंपाकघराचं चित्र काढलं, साल धरलं होतं १९४५ च्या आसपासचं, आणि कोपऱ्यात सवयीनं चकचकीत स्टीलचा पाच पुडांचा डबा रंगवला. अगदी मन लावून, त्याच्यावर खिडकीचं प्रतिबिंब वगैरे. घरच्या आजींनी चित्र हातात घेतलं, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे. कुणाचं घर आहे हे?"

साल ठरलं की त्या सालात चित्र कसं छापलं जायचं, हे ठरवायचं. इथं लोक सगळ्याची खिचडी करतात. पहिली तऱ्हा म्हणजे शिळाछापाची रंगीत चित्रं, ज्यांना आपण ओलिओग्राफ म्हणतो. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथून ही देवादिकांची चित्रं घरोघर गेली. त्यात प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि छटा हातानं ठिपके देऊन आणलेल्या. ते ठिपके वेडेवाकडे असतात, दाणेदार असतात, एका रांगेत कधीच नसतात. म्हणून ओलिओग्राफच्या धाटणीच्या चित्रावर वर्तमानपत्रासारखी ठिपक्यांची जाळी टाकली की जाणकार हसतो.

दुसरी तऱ्हा तुमच्या सालाची. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, कॅलेंडरं. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर या चित्रकारांचा तो काळ. दलालांनी 'दीपावली' हा अंक १९४५ मध्ये सुरू केला, म्हणजे १९५८ ला ती धाटणी घराघरात रुळलेली होती. यात चित्राचे फोटो काढून चार रंगांचे हाफटोन ब्लॉक, म्हणजे ठिपक्यांच्या जाळीतून छटा दाखवणारे ठसे, करायचे: पिवळा, तांबडा, निळा, काळा. जाळी बारीक आणि नियमित, प्रत्येक रंगाची जाळी वेगळ्या कोनात फिरवलेली.

तिसरी तऱ्हा गावच्या ट्रेडल मशीनवरची, म्हणजे पायानं चालवायच्या छोट्या छपाईयंत्रावरची. काळ्या रेघांचा एक लाइन ब्लॉक, एखादा सपाट रंग, आणि बाकी खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून मजकूर. लग्नपत्रिका, हँडबिलं, नाटकाच्या जाहिराती अशाच निघायच्या.

तुम्हाला मी दोन वेगळ्या गोष्टी करायला सांगेन. सोप्यात टांगायचं मोठं चित्र दुसऱ्या तऱ्हेनं आणि आमंत्रण तिसऱ्या तऱ्हेनं, दोनच रंगांत. त्या काळात साध्या घरातलं आमंत्रण चार रंगांत कुणी छापलं असतं? एवढा पैसा असता तर आजोबांनी आधी परसातली भिंत बांधली असती.

अस्सल नमुने पाहायचे तर लांब जायला नको. सातारा जिल्ह्यातल्या औंधचं श्री भवानी संग्रहालय तुमच्यापासूनही एका दिवसात होतं. १९३८ मध्ये ते औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी उभं केलं. राजा स्वतः चित्रकार. रविवर्मा आणि धुरंधरांची मूळ चित्रं तिथं आहेत. मूळ तैलरंग आणि त्याची घरोघर पोचलेली छापील प्रत यांत काय फरक पडतो, हे एकदा तिथं उभं राहून पाहिलं की डोक्यात बसतं. आणि दुसरं तुमच्या जिल्ह्यातलं किर्लोस्करवाडी. १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' तिथं सुरू झालं, नंतर 'स्त्री' आणि 'मनोहर' निघाली. नांगर करणाऱ्या कारखान्याच्या गावातून मासिकं निघत होती, आणि संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकलेत तयार झालेले. या मासिकांचे जुने बांधीव खंड कुठल्या वाचनालयात मिळाले तर कथांपेक्षा जाहिराती जास्त पाहा. बायका पदर कसा घेतात, कप-बशी कशी धरतात, टेबलावर काय असतं, ते जाहिरातीत सापडतं.

आता रचना. तुम्ही नमुन्यासोबत एक परदेशी चित्र जोडलंय, अमेरिकन चित्रकार नॉर्मन रॉकवेलचं १९४३ चं. लांब टेबल, आजी भाजलेली टर्की ठेवतायत, दोन्ही बाजूंनी हसरे चेहरे. चित्र अप्रतिम आहे, पांढऱ्या टेबलक्लॉथवर पांढऱ्या बश्या उठून दिसतात ती करामत तर मी अजून अभ्यासतो. पण ते टेबल आपल्या सोप्यात आणता येत नाही. टेबलामुळं सगळे चेहरे एका उंचीवर येतात आणि पुढच्याच्या धडाचा अडथळा टेबलाखाली लपतो. आपण जमिनीवर बसतो. पंगत त्या पद्धतीनं काढायला गेलात तर एकतर पुढच्यांची पाठच दिसते, नाहीतर उभ्या माणसाच्या नजरेनं नुसत्या टोप्या आणि डोकी.

यावर मी वापरतो ती युक्ती अशी की नजर जिन्यात ठेवायची. वाड्यात सोप्यालगत माडीवर जाणारा जिना असतोच. त्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर एक पोर बसलंय आणि ते हे सगळं पाहतंय, असं धरा. म्हणजे डोळा जमिनीपासून साधारण सहा फुटांवर आला. बसलेल्यांची डोकी दोन-अडीच फुटांवर, म्हणजे ती सगळी क्षितिजरेषेच्या, म्हणजे डोळ्याच्या उंचीवरच्या आडव्या रेषेच्या, खाली. उभ्या माणसांची डोकी त्या रेषेला जेमतेम खालून टेकतील. आता ताटं पाहा. आठ फुटांवरचं ताट लंबगोल दिसेल, रुंदी दहा बोटं असेल तर उंची सहा बोटं. वीस फुटांवरचं ताट तेवढंच रुंद काढलंत तर त्याची उंची तीन बोटंसुद्धा भरणार नाही. रांगेतली ताटं अशी हळूहळू चपटी होत गेली की सोपा आपोआप लांबतो. बहुतेक हौशी चित्रांत सगळी ताटं सारखीच गोल असतात आणि मग ती भिंतीवर चिकटवल्यासारखी दिसतात.

चौकाच्या बाजूला दोन खांबांमधली महिरप असेल तर ती चित्राची चौकट म्हणून वापरा. कॅलेंडरवाल्यांना महिरपीचा फार सोस होता, आणि त्यांची माणसं नाटकातल्यासारखी प्रेक्षकाकडं तोंड करून असायची. १८४३ मध्ये सांगलीतच विष्णुदास भाव्यांनी पहिलं नाटक उभं केलं, तेव्हा तुमच्या गावाला हे नाटकीपण शोभेल. एखाद-दुसरी पाठ चालेल. त्याहून जास्त पाठी आल्या की तो आजचा फोटो होतो.

क्षण कोणता? माझ्या मते जेवणाच्या आधीचा. पाट मांडलेत, भावंडांतले मुलगे ओळीनं बसलेत, पाटाभोवती रांगोळी, आणि परकर-पोलक्यातली बारा वर्षांची मुलगी तबक घेऊन उभी आहे. ती म्हणजे तुमची थोरली आत्या. तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी. ओवाळून घेताना डोकं उघडं नको, मुलांच्या डोक्यावर टोपी हवी, टोपी नसेल त्याच्या डोक्यावर रुमाल. हे चुकलं तर आत्या पहिली तिथंच बोट ठेवतील. थोरल्या बायका नऊवारीत, तुमच्या भागात इरकल आणि खणाची चोळी घरोघर. सगळ्यांना पैठणी नेसवू नका. हल्ली जुन्या काळच्या प्रत्येक चित्रात सगळ्या बायका पैठणीत असतात, जणू चूलसुद्धा पैठणीतच फुंकायच्या.

चाळीस माणसं मात्र काढू नका. नऊ ते अकरा चेहरे पुरे, त्यापुढं एकही चेहरा ओळखू येत नाही. बाकीचे तीस जण दारातल्या चपलांमधून दाखवा. दिंडी दरवाजाच्या आत वहाणांचा ढीग: करकरीत कोल्हापुरी, झिजलेले जोडे, एखादा काळा बूट जो मुंबईहून आलाय. लहान मुलांच्या चपला त्यात जवळजवळ नकोतच, पोरं अनवाणीच असायची. मी साताऱ्यातल्या एका वाड्यासाठी असा ढीग काढला होता आणि घरच्यांनी चेहरे सोडून त्या चपलांतच आपापली माणसं ओळखायला सुरुवात केली. "हा अंगठा तुटलेला जोडा अण्णांचा, दुसऱ्या कुणाचा असणार!" मी तो जोडा सहज तुटका काढला होता. सांगितलं नाही.

उजेडाबद्दल थोडंच सांगतो. निरांजनाचा उजेड खालून वर येतो, हनुवटी आणि नाकाची खालची बाजू उजळते, डोळ्यांच्या खोबण्या अंधारात जातात. खरं तसं काढलंत तर मुलगी भुतासारखी दिसेल. जुने चित्रकार म्हणून दुसऱ्या बाजूनं निळसर उजेड द्यायचे, चौकातून आल्यासारखा. केसांच्या कडेला आणि खांद्यावर ती निळी कड आली की चित्र लगेच त्या काळात जातं.

आता फोटो नाहीत त्याचं काय करायचं. माझ्या अनुभवात फोटो नसणं हा फारसा तोटा नाही. त्या काळचे घरातले फोटो म्हणजे खुर्चीवर आजोबा, मागं पडदा, कुणी हसत नाही. चकल्या तळतानाचा फोटो कुणी काढला होता? तुम्हाला हवंय ते आत्यांच्या डोक्यातच आहे. फक्त विचारायचं कसं, ते नीट जमायला हवं. "तेव्हा दिवाळी कशी असायची?" असं विचारलं की उत्तर येतं, "फार छान असायची." संपलं. तुम्ही विचारा, "बंब कुठं पेटवायचे?" "चकल्या कुठल्या खोलीत तळायचे?" "सोऱ्या कोण फिरवायचं?" "पहिली आंघोळ कुणाची आणि शेवटची कुणाची?" "कारीट कुठं फोडायचं?" एकेका वस्तूची जागा विचारा. माणूस जागेवर पोचला की बाकीचं आपसूक बोलतो.

एकदा मी एका आजींना असंच विचारलं की आकाशकंदील कुठं टांगायचात. म्हणाल्या, दारात. मी म्हटलं, कशाला बांधायचात? त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "दाराला कुठला? तिथं खिळाच नव्हता. प्राजक्ताच्या फांदीला. बाबा शिडी धरायचे आणि दादा चढायचा. शेपट्या खाली लोंबायच्या त्या गाईनं एकदा खाल्ल्या." ते सांगताना त्यांचा हात वर गेला होता, फांदी धरल्यासारखा. मी तोच हात चित्रात मुलीला दिला.

कंदील काढताना कामट्यांचा काढा, पतंगी कागद खळीनं चिकटवलेला. कोपऱ्यांना कागदाच्या करंज्या, खाली शेपट्या. खळ कागदाला लागली की तिथं रंग जरा गडद होतो आणि कागद आक्रसतो, कामटीच्या कडेनं बारीक सुरकुत्या पडतात. पाऊण इंचाच्या जागेत एवढं दाखवलंत तरी पुरे. आत पणती होती की बल्ब, हे आत्यांनाच विचारा. आणि चौकाच्या कोपऱ्यात पोरांचा मातीचा किल्ला पाहिजेच. अळीव पेरून आलेली हिरवळ, मातीचे मावळे, आणि किल्ल्यापेक्षा महाराजांची मूर्ती मोठी. प्रमाण बरोबर काढायचा मोह टाळा.

कच्चं पेन्सिलीत झालं की रंगाआधी आत्यांना दाखवा, आणि नुसतं दाखवू नका, पेन्सिल त्यांच्या हातात द्या. "चुकीचं दिसेल तिथं रेघ मारा." सुरुवातीला संकोच करतील. मग अशा रेघा मारतील की तुमची रचना मोडेल. मोडू द्या.

संगणकाला वाक्य सांगून चित्र काढून घेण्याबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. मी करून पाहिलं. 'जुनी मराठी दिवाळी' म्हटल्यावर त्यानं मला पाचवारी नेसलेल्या बायका, कपाळावर मांगटिका, पाठीमागं धगधगणारी शेकोटी आणि करंजीत काटा खुपसलेला असं चित्र दिलं. देवनागरी अक्षरांचं तर विचारूच नका. रंगसंगती सुचायला वापरा हवं तर. घर तुमचं आहे, ते त्यानं पाहिलेलं नाही.

छपाईची कारागिरी आता. संगणकावर करणार असाल तर प्रत्येक शाईचा वेगळा थर ठेवा आणि थर एकमेकांत गुणले जातील अशा ('मल्टिप्लाय') पद्धतीवर ठेवा, म्हणजे पिवळ्यावर निळा गेला की हिरवा होईल, जसा यंत्रावर व्हायचा. पांढरा रंग वापरायचाच नाही. पांढरं म्हणजे कागद. डोळ्यातली चमक, मोत्याची नथ, टोपी, सगळीकडं खालचा कागदच दिसायला हवा. ही एकच शिस्त पाळलीत तरी चित्र निम्मं जुनं होईल. मग एक रंग, फक्त एक, बहुधा तांबडा, किंचित हलवा. इंचाला तीनशे ठिपक्यांच्या फाइलमध्ये चार-पाच पिक्सेल, म्हणजे कागदावर साधारण ०.४ मिलिमीटर. ओठाची लाली ओठाबाहेर केसभर जाते आणि दुसऱ्या बाजूला केसभर पांढरं राहतं. सगळे रंग हलवलेत तर डोकं दुखतं.

जाळीचे कोन ठरलेले आहेत: काळा ४५ अंश, तांबडा ७५, पिवळा ९०, निळा १५. पण मोठ्या चित्राला जाळी टाकताना एक सांभाळा. आजच्या यंत्राची स्वतःची जाळी असते, तुमच्या जाळीवर ती बसली की लाटा उठतात. म्हणून एकतर जाळी टाकूच नका, किंवा ठिपका चांगला मोठा ठेवा आणि आधी एका चेहऱ्याचा तुकडा छापून पाहा. चेहऱ्यावर ठिपका मोठा झाला तर देवीच्या रोगाचे व्रण आल्यासारखं दिसतं.

छापखान्याला उघडी, म्हणजे थर सुटे असलेली, फाइल कधीही देऊ नका. मी एकदा दिली. जाळी, हललेला तांबडा, सगळं तीन दिवस खपून केलेलं. पत्रिका हातात आल्या तर सगळं कसं लख्ख, जागच्या जागी. तिथला मुलगा कौतुकानं म्हणाला, "सर, तुमचा लाल रंग हलला होता, मी बसवून दिला. आणि कागद पिवळट येत होता, तोपण पांढरा केला." काय बोलणार? त्याचं काम त्यानं चोखच केलं होतं. तेव्हापासून मी सगळे थर एकत्र करून पीडीएफ देतो आणि वर लिहितो, 'चुका मुद्दाम आहेत, हात लावू नये.'

कागद खराच घ्या. मॅपलिथो, म्हणजे छपाईचा साधा बिनचकाकीचा कागद, नॅचरल शेड, जरा जाडसर. मग कागदाचा पोत छापायची गरजच उरत नाही. आर्ट पेपर, चकाकी, लॅमिनेशन काही नको.

शेवटी अक्षर. इथंही साल आड येतं. आज आपण लिहितो ते शुद्धलेखन १९६२ च्या नियमांनंतरचं. १९५८ ला न उच्चारले जाणारे अनुस्वार जागच्या जागी होते. तुमच्या मजकुरात 'दिवाळीत आमच्या घरी सर्वांनी यावे ही विनंती' असं आहे. ते असं करा: 'भाऊबीजेस आमचे घरीं सर्वांनीं अगत्य येण्याचें करावें ही विनंति.' विनंतीची वेलांटीसुद्धा ऱ्हस्व. घरातल्या तरुणांना छपाईची चूक वाटेल, वाटू द्या, जेवताना तेवढाच विषय. फॉन्ट वापरणार असाल तर 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत ना ते पाहा. बऱ्याच फॉन्टांत भाषा मराठी निवडली की ते बदलतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात आणि सगळी मेहनत त्या एका 'ल'पाशी उघडी पडते. मथळा मात्र हातानं काढा. तुमच्याकडं पाट्या रंगवणारा कुणी जुना पेंटर अजून असेल तर त्याच्याकडून करून घ्या, आणि पैसे घासाघीस न करता द्या.

वेळ किती लागेल? आत्यांशी बोलायला दोन बैठका, कच्च्याला आठवडा, रंगाला पंधरा दिवस, छपाईला चार दिवस धरा. दसऱ्याला सुरू केलंत तर भाऊबीजेपर्यंत होणार नाही, गणपतीनंतर लगेच बसा. प्रती साठ काढा, चाळीस पुरत नाहीत. आणि मूळ चित्र गावभागात ठेवू नका. विश्रामबागेकडं कुणी नातेवाईक असतील तर त्यांच्याकडं, वरच्या मजल्यावर.